रॅम्पला आगाऊ सूचना लागत नाही



अपंगांच्या हक्कांवर बोलायचे ठरवले तर विषयांना तोटा नाही. शाळा आहेत, नोकऱ्या आहेत, लोकलचा डबा आहे, सरकारी कचेऱ्यांचे जिने आहेत. या रांगेत भाड्याने मिळणारी मोटार फार मागे उभी आहे. व्हीलचेअरवरच्या माणसाला जिथे एसटीची पायरी चढता येत नाही तिथे सेल्फ-ड्राइव्ह गाडीची चर्चा म्हणजे चोचले, असे कुणी म्हटले तर मला नवल वाटणार नाही. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. एसटीबद्दल बोलू लागलो की पैसा नाही, गाड्या जुन्या आहेत, रस्ते खराब आहेत ही उत्तरे तयार असतात, आणि त्यांत तथ्यही असते. अमेरिकेतल्या मोटारभाडे व्यवसायाला यांतली एकही सबब सांगता येत नाही. कंपन्या अवाढव्य, गाड्या नव्या, लागणारे यंत्र साधे, आणि कायदा तीस वर्षांहून जुना. एवढे सगळे जुळून आल्यावरही अपंग ग्राहकाला तिथे इतरांसारखी गाडी मिळत नसेल, तर घोडे नेमके कुठे पेंड खाते हे तिथे स्वच्छ दिसते. ते आधी पाहू आणि मग आपल्याकडे येऊ.

हा धंदा विकतो काय, इथून सुरुवात करावी लागेल. विमानतळावरच्या काउंटरवर ग्राहक पैसे मोजतो ते केवळ गाडीचे नसतात. गाडी तर त्याच्या घरीही असते. अनोळखी गावात उतरल्यावर कुणाला न विचारता, आधी फारसे न ठरवता, तासाभरात आपल्या मर्जीने निघता यावे याचे ते पैसे असतात. सभा लांबली तर मुक्काम वाढवावा, विमान चुकले तर गाडीनेच पुढे जावे, ही मुभा हाच इथला माल. ज्याचे पाय चालत नाहीत पण ज्याच्याकडे वाहन चालवण्याचा रीतसर परवाना आहे, त्याला या मालासाठी एकच जास्तीची गोष्ट लागते : हँड कंट्रोल. स्टिअरिंगच्या दांड्याला डाव्या हाताशी एक तरफ बसवतात. तिच्यापासून दोन सळया खाली जातात. एक ब्रेकच्या पेडलला चिमट्याने घट्ट आवळलेली, दुसरी अ‍ॅक्सिलरेटरला. नेहमीच्या प्रकारात तरफ पुढे ढकलली की ब्रेक लागतो आणि मांडीच्या दिशेने खाली दाबली की वेग वाढतो. उजव्या हाताकडे स्टिअरिंग राहते आणि ते एका हाताने फिरवता यावे म्हणून चाकावर मुठीत मावेल असा गोल खुंटा लावतात. बसवणाऱ्या मेकॅनिकने पाहायचे एवढेच की ब्रेक तळापर्यंत दाबला जातो, स्टिअरिंग पूर्ण फिरवताना सळई कुठे अडत नाही आणि चिमटे सैल नाहीत. मूळ पेडले जागच्या जागी राहतात, पायाने चालवणाऱ्यालाही ती वापरता येतात. गाडीच्या किमतीपुढे या साहित्याची किंमत किरकोळ आहे, आणि काम येणाऱ्या माणसाला ते बसवायला फार वेळ लागत नाही.

आता कायदा. ‘अमेरिकन्स विथ डिसअ‍ॅबिलिटीज अ‍ॅक्ट’वर 26 जुलै 1990 रोजी राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी सही केली. खासगी धंद्यांना लागू असलेला त्याचा तिसरा भाग 1992च्या जानेवारीपासून अमलात आला. बेकरी, किराणा, कपड्यांचे दुकान आणि ‘विक्रीचे किंवा भाड्याने देण्याचे अन्य ठिकाण’ अशी त्यातली यादी आहे, म्हणजे मोटारभाडे त्यात सरळ बसते. पण खरी गोम या कायद्याखालच्या नियमांत आहे. तिथे दोन वेगळे खण आहेत. एका खणात दुकानातला माल. अपंगांसाठी खास माल दुकानात ठेवलाच पाहिजे असे बंधन दुकानदारावर नाही. ब्रेल पुस्तके, विशेष मापाचे कपडे, विशेष आहार ही नियमातलीच उदाहरणे. दुकान एरवी ऑर्डर घेत असेल तर मागणी आल्यावर मागवून द्यावे, इतकेच. दुसऱ्या खणात अडथळे. जे अडथळे फारशा खर्चाशिवाय आणि सहज काढता येतात ते काढलेच पाहिजेत, कुणी ग्राहक मागायला येवो अथवा न येवो. या दुसऱ्या खणात 21 उदाहरणे दिली आहेत. पहिले उदाहरण रॅम्प बसवण्याचे. पुढे दरवाजे रुंद करणे, लिफ्टच्या बटणांवर उठावाच्या खुणा करणे, चाक रुतेल असा जाड गालिचा काढणे. आणि शेवटचे, एकविसावे : वाहनात हँड कंट्रोल बसवणे.

माझा आजचा सगळा युक्तिवाद या एकविसाव्या नोंदीवर उभा आहे. नियम लिहिणाऱ्यांनी हँड कंट्रोल ब्रेल पुस्तकाशेजारी ठेवले नाही, रॅम्पशेजारी ठेवले. आणि व्यवसायाने ते अलगद उचलून पुन्हा ब्रेल पुस्तकाशेजारी नेऊन ठेवले. मोठ्या कंपन्यांच्या अटी वाचल्या तर दिसते की हँड कंट्रोल मिळते, त्याचे वेगळे पैसे घेतले जात नाहीत (घेताही येत नाहीत, कायद्याने अधिभाराला बंदी आहे), पण ते आधी कळवल्यावर मिळते. किती आधी हे कंपनी आणि ठिकाण यांवर ठरते. काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत. बँकेच्या दारातला रॅम्प वापरायला कुणी आदल्या दिवशी फोन करत नाही. रॅम्प तिथे असतो किंवा नसतो. नसला तर बँक दोषी ठरते. हँड कंट्रोल मात्र ‘सोय उपलब्ध आहे’ या वाक्यात राहते आणि काउंटरवर नसते. कागदावर पालन पूर्ण, आणि विकायचा जो माल, ती न ठरवता निघण्याची मुभा, तोच या एका ग्राहकाला नाकारलेला. दोन दिवस आधी सगळे पक्के करायचे असेल तर तो ग्राहक त्याच भाड्यात कमी माल घेऊन जातो.

हे सरकारच्या लक्षात आले नव्हते असे नाही. 1994 साली एव्हिस या मोटारभाडे कंपनीने अमेरिकी न्याय विभागाशी समझोता केला आणि हँड कंट्रोल लावलेल्या गाड्या पुरवण्याचे मान्य केले. त्याच समझोत्यातली दुसरी तरतूद मला जास्त मोलाची वाटते. अपंगत्वामुळे जो स्वतः गाडी चालवत नाही, त्यालाही सोबत परवानाधारक चालक असेल तर स्वतःच्या नावावर गाडी घेता यावी. अंध गृहस्थ, हाती क्रेडिट कार्ड, शेजारी गाडी चालवणारी पत्नी. आणि काउंटरवरचा मनुष्य म्हणतो की परवाना ज्याचा त्याच्याच नावावर करार होईल. वरवर पाहता हा नियम सर्वांना सारखा आहे. पण पैसे देणाऱ्याला तो स्वतःच्याच प्रवासात पाहुणा करून टाकतो. ही अडचण दूर करायला एक स्क्रूही लागत नाही, फॉर्ममध्ये एक रकाना लागतो.

आक्षेपांपैकी सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो झटकून टाकून चालणार नाही. रॅम्प जागचा हलत नाही. हँड कंट्रोल ताशी शंभर किलोमीटरने धावणाऱ्या यंत्राच्या ब्रेकला जोडलेले असते. ते घाईत बसवले, चिमटा सैल राहिला, तर जीव जाईल. शिवाय कुणाला तरफ डावीकडे हवी असते, कुणाला उजवीकडे, आणि ज्याचा एकच पाय निकामी आहे त्याला कदाचित तरफ नकोच असते, डाव्या पायाने दाबायचा अ‍ॅक्सिलरेटर हवा असतो. प्रत्येक मॉडेलच्या पेडलांची ठेवणही निराळी. म्हणून वेळ हवा, असे कंपन्या म्हणतात. हे सगळे खरे आहे. पण यातून निघते काय? काम नीट करायला मेकॅनिकला जितका वेळ लागतो तितका वेळ ग्राहकाने थांबावे, एवढेच निघते. दोन दिवस त्यातून निघत नाहीत. ते दोन दिवस मेकॅनिक बाहेरचा असतो आणि साहित्य दुसऱ्या शहरात असते म्हणून लागतात. तो कंपनीच्या व्यवस्थेचा वेळ आहे, सुरक्षिततेचा नव्हे. आणि घाई हेच धोक्याचे कारण असेल तर उपायही त्याच आक्षेपात दडलेला आहे : ज्या विमानतळावर शेकडो गाड्या उभ्या असतात तिथे दोन-तीन गाड्या सवडीने, नीट तपासून, आधीच तयार ठेवाव्यात. त्या रिकाम्या राहतील ही भीती कंपनीला वाटते, कारण अशी गाडी इतर ग्राहकाला देताना त्याचा गुडघा तरफेला लागेल ही धास्ती असते. मान्य. पण गर्दीच्या दिवसासाठी गाड्या राखून ठेवणे, महागड्या गाड्या क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी उभ्या करणे, हे सगळे हा धंदा एरवी करतोच. गावाबाहेरच्या दहा गाड्यांच्या फ्रँचायझीला हे जमणार नाही. तिला आगाऊ सूचना मागू द्यावी. कायद्याचा ‘सहज काढता येण्याजोगा’ हा निकष धंद्याच्या आकारमानाप्रमाणे बदलतोच. माझा वाद त्या छोट्या दुकानाशी नाही. मोठ्या विमानतळानेही छोट्या दुकानाचीच सवलत घ्यावी, याला माझा विरोध आहे.

मग तीस वर्षांत हे सुधारले का नाही? याचे उत्तर या धंद्याच्याच स्वभावात आहे, आणि ते मला फार बोलके वाटते. या कायद्याच्या तिसऱ्या भागाखाली खासगी व्यक्तीला दावा लावता येतो, पण नुकसानभरपाई मिळत नाही. पुढे असे करू नका, एवढा हुकूम मिळतो. आणि तसा हुकूम हवा असेल तर तीच इजा पुन्हा होण्याचा खरा संभव दाखवावा लागतो, हे तत्त्व तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली ‘लॉस एंजेलिस विरुद्ध लायन्स’ या पोलीस अत्याचाराच्या खटल्यात घट्ट करून ठेवले आहे. रोजच्या किराणा दुकानाविरुद्ध हे दाखवणे सोपे, कारण ग्राहक उद्या पुन्हा तिथेच जाणार आहे. पण भाड्याची गाडी मागणारा मनुष्य व्याख्येनेच परगावचा. रात्री अकरा वाजता काउंटरवर अडकला, टॅक्सी करून हॉटेलवर गेला, तीन दिवसांनी घरी परतला. त्या विमानतळावर पुन्हा कधी येईन हे तो शपथेवर कसे सांगणार? कॅलिफोर्नियात राज्याचा उन्रू कायदा प्रत्येक उल्लंघनामागे किमान 4000 डॉलर देतो, म्हणून तिथे दावे होतात. अशा दाव्यांचा धंदा करणारे वकीलही निपजतात ही तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. पण जिथे तक्रार करण्याने तक्रारदाराच्या पदरात काहीच पडत नाही, तिथे पालन तपासणार कोण?

उलट बाजूचा एक पुरावाही पाहा. विमानतळापासून गाड्यांच्या तळापर्यंत नेणाऱ्या शटल बस ही जुनी डोकेदुखी. लिफ्ट असलेली बस कधी येईल याची वाट पाहायची, ड्रायव्हरला ती लिफ्ट चालवता येते का याची धाकधूक. अटलांटाच्या विमानतळाने 2009 साली सगळ्या कंपन्यांचे तळ एका छपराखाली आणले आणि टर्मिनलपासून तिथवर स्वयंचलित गाडी सुरू केली. तिचा दरवाजा फलाटाला समपातळीत उघडतो. व्हीलचेअरवरचा प्रवासी, ढकलगाडीतले मूल आणि चार बॅगा ओढणारा विक्रेता एकाच दाराने आत जातात. कुणी कुणाला आधी कळवत नाही. सोय बांधकामात गेली की सूचना आपोआप गळून पडते. हँड कंट्रोलच्या बाबतीत ही पायरी ओलांडलेली नाही, इतकेच.

ब्रिटनने हा प्रश्न थोडक्यात आणि चांगला मांडला आहे. 2010च्या इक्वालिटी अ‍ॅक्टच्या परिशिष्टात भाड्याच्या छोट्या गाड्यांबाबत दोनच गोष्टी नावानिशी सांगितल्या आहेत : ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताने चालवण्याची सोय, आणि व्हीलचेअर ठेवायला जागा. दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे मला परत यायचे आहे.

आता आपल्याकडे. आपल्या कायद्याने अपंग वाहनचालकाकडे दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ‘अनुकूलित वाहन’ आले. मालकाने आपल्या गाडीत असा बदल आधी करून घ्यावा आणि आरटीओची मान्यता मागाहून घ्यावी, अशी सवलतही आली. 2020 साली नोंदणीच्या फॉर्ममध्ये दिव्यांग मालकाची वेगळी नोंद आली. करात सवलत आहे, टोलमध्ये आहे. पण हे सगळे नीट वाचले की या कायद्यांच्या डोळ्यांसमोर कोण आहे ते कळते. स्वतःची एक गाडी असलेला, त्याच गाडीने आपल्या गावात फिरणारा मालक. ‘अनुकूलित वाहना’ची व्याख्याच अशी आहे की हे वाहन फक्त अपंग व्यक्तीने किंवा अपंग व्यक्तीसाठीच वापरलेले असावे. आज हँड कंट्रोल लावून एकाला दिले, परवा काढून दुसऱ्याला दिले, अशी भाड्याची गाडी या व्याख्येत कुठे बसते? ती बदल केलेली गाडी मानायची की बदल न केलेली? प्रामाणिक व्यावसायिकाने हे करायचे म्हटले तरी पासिंगच्या वेळी काय होईल याची त्याला खात्री देता येत नाही. मालकाच्या भल्यासाठी लिहिलेले वाक्य प्रवाशाच्या वाटेत आडवे आले आहे.

दुसरीकडे भाड्याच्या गाड्यांचा कायदा आहे, आणि त्याला अपंग माणूस ठाऊकच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 75 खाली 1989 साली केंद्राने ‘रेन्ट-अ-कॅब’ योजना काढली. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या, ग्राहकाने स्वतः चालवायच्या ज्या गाड्या गोव्यात पावलोपावली दिसतात, त्या या योजनेतल्या. परवाना हवा तर किमान 50 गाड्या असाव्यात, आणि त्यांतल्या निम्म्या तरी वातानुकूलित असाव्यात, असे ही योजना सांगते. म्हणजे ताफ्यातल्या किती गाड्यांत कोणती सोय असावी हे सरकारने टक्केवारीने ठरवायचे, ही कल्पना आपल्याकडे पस्तीस वर्षांपूर्वीच रुळलेली आहे. गारव्याची टक्केवारी ठरली. हँड कंट्रोलचा उल्लेखही नाही. 2023च्या जानेवारीत गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावरून प्रवासी विमाने सुरू झाली, आणि त्याच आठवड्यात पणजीत अपंगांचा पहिला ‘पर्पल फेस्ट’ भरला. देशभरातून आलेल्या पाहुण्यांचे स्वागत करणाऱ्या राज्याला काळ्या पाटीच्या गाड्यांबद्दल मात्र नियमपुस्तकात काहीच हाताशी नव्हते.

इथे हमखास येणारा आक्षेप असा : भारतात ड्रायव्हरसकट गाडी स्वस्त मिळते, मग हँड कंट्रोल हवेत कुणाला? आक्षेप घेणाऱ्याने एकदा त्या ड्रायव्हरसकट गाडीची डिकी उघडून पाहावी. मुंबई-पुण्यातल्या बहुसंख्य टॅक्स्या सीएनजीवर चालतात, आणि सीएनजीची टाकी डिकीत आडवी बसवलेली असते. तिच्यावर एखादी मऊ बॅग कोंबता येते. घडीची व्हीलचेअर मावत नाही. मग ती पुढच्या सीटवर तिरकी घालायची, नाहीतर दोरीने कॅरिअरवर बांधायची, नाहीतर बुकिंग रद्द झाल्याचा मेसेज वाचायचा. ब्रिटिश कायद्यातली ती दुसरी गोष्ट, व्हीलचेअर ठेवायला जागा, इथे पहिली ठरते. आणि हा प्रश्न तंत्राने सुटू शकत नाही असेही नाही. टाटा मोटर्सने 2023 साली अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाखाली बसवल्या आणि वरची जागा मोकळी केली. जाहिरात सामानासाठी होती, हे वेगळे सांगायला नको. ग्राहकाच्या सुटकेससाठी जी बुद्धी चालते ती व्हीलचेअरसाठी चालवायला कायद्याचा रेटा लागतो. बाकी, ड्रायव्हर मिळतो म्हणून स्वतः चालवू नका, हा सल्ला आपण धडधाकट पर्यटकाला देत नाही. त्याच्यासाठी तर काळ्या पाटीची वेगळी योजनाच केली.

मागणी कुठे आहे, असाही एक प्रश्न असतो. 2011च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, महाराष्ट्रात साधारण 29 लाख 63 हजार. यांतल्या फार थोड्यांकडे वाहन परवाना असेल हे उघड आहे. पण ज्या काउंटरवर हँड कंट्रोल नाही तिथे ते मागायला कुणी येत नाही, आणि कुणी येत नाही म्हणून ते ठेवले जात नाही. अशा जागी मागणी मोजून काही निष्पन्न होत नाही.

कायद्याचा आधार आपल्याकडे कमी नाही. 2016चा दिव्यांग हक्क कायदा खासगी सेवा पुरवठादारांनाही लागू आहे आणि सेवा सुगम करण्यासाठी त्याने दिलेली दोन वर्षांची मुदत 2019 सालीच उलटली. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्यांना पन्नास हजार ते पाच लाख. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे मापदंड केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम 15(1) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक नियम वेगळे काढायला सरकारला तीन महिने दिले. बंधनकारक यादी लिहायची वेळ आली की अमेरिकेतली ती एकविसावी नोंद उपयोगी पडते, आणि तिचा पुढचा इतिहास त्याहून जास्त. तिकडे नोंद योग्य खणात होती, पण ‘आधी कळवा’ या शब्दांना वाव राहिला. इकडे तो ठेवू नये.

म्हणून करायचे ते फार मोठे नाही. रेन्ट-अ-कॅब योजनेत वातानुकूलनाच्या अटीशेजारी दुसरी अट यावी : 50 गाड्यांमागे किमान दोन ऑटोमॅटिक गाड्या हँड कंट्रोलसह तयार, आणि विमानतळावर काउंटर असेल तर त्यांतली एक तिथेच. काढता-घालता येणारे हँड कंट्रोल हे कायद्याच्या अर्थाने वाहनातला बदल नाही, असे स्पष्टीकरण परिवहन मंत्रालयाने काढावे. मात्र ते बसवणारा मेकॅनिक प्रमाणित असावा आणि प्रत्येक वेळी ब्रेकची तपासणी लेखी व्हावी. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी गाड्यांची संख्या पाहतात तशी या दोन गाड्याही समोर उभ्या करून पाहाव्यात, म्हणजे रात्री अकराला अडकलेल्या परगावच्या माणसावर तक्रारीचा भार राहणार नाही. इतरांच्या गाड्या अ‍ॅपवरून भाड्याने लावणारे म्हणतील की आमच्या मालकीची एकही गाडी नाही, आम्ही काय बसवणार? गाडी त्यांची नाही, पण शोधपट्टी त्यांचीच आहे. ऑटोमॅटिक, डिझेल, सात आसनी अशा चौकटी तिथे असतातच; हँड कंट्रोल आणि व्हीलचेअर मावणारी डिकी अशा आणखी दोन चौकटी घालायला स्वतःची गाडी लागत नाही.